ट्रॅफिक लागायच्या आत

ताईचा फोन आला तेव्हा मी इथे परदेशात, आमच्या वेरिबी उपनगरातल्या इंडियन दुकानात कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करत होते. "श्रीकांत गेला गं..." एवढंच म्हणाली. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच : घ्या! इथूनही मधूनच उठून गेले!

आमचे भावजी, म्हणजे ताईचा नवरा, आयुष्यात कशालाही शेवटपर्यंत थांबले नाहीत. मंडळाच्या नाटकाचा तिसरा अंक त्यांनी कधी पाहिला नाही. लग्नात जेवून हात धुतले की बोटात गाडीची किल्ली गरगरायला लागायची. "चला, ट्रॅफिक लागेल." डोंबलाचं ट्रॅफिक! घरीसुद्धा गाडी रिव्हर्स घेऊन, तोंड रस्त्याकडे करून लावायची. पळायला सोपं.

त्यात एकुलत्या एका मुलाने, निहारने, बेसबॉल धरला. क्रिकेटवाल्या बापाला तो विटीदांडू वाटायचा, आणि हे ते चारचौघांत, मुलासमोर बोलायचे. नव्याने निघालेल्या व्यावसायिक क्लबने पहिल्याच मोसमात निहारला घेतलं, तर म्हणे, "बाकावर बसायचे पैसे देतात त्याला." एवढा मोठा मुलगा, पण प्रत्येक मॅचआधी विचारायचा, "बाबा, येणार ना?"

अशाच एका मॅचच्या दुपारी ताईची शिफ्ट होती, म्हणून भावजींबरोबर मी गेले. नऊ डावांतले आठ झाले, आमचे सहा रनांनी मागे, निहार बाकावरच. किल्ली फिरायला लागली.

"भावजी, एकच डाव राहिलाय."

"त्यात काय दिवे लागणारेत? तू ये उबरने."

आणि गेले. खुशाल गेले!

त्या शेवटच्या डावात आमच्या पोरांनी बघता बघता चार रन काढले. तीन काढले की जिंकलो, आणखी एक बाद झाला की खेळ खलास. तिन्ही बेसवर आमची माणसं, आणि बॅट घेऊन निहारला पाठवलं. त्याने असा हाणला की बॉल उजवीकडच्या कुंपणावर जाऊन आदळला आणि तिघंही धावत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर आले. जिंकलो! ओरडून ओरडून माझा घसा बसला. सगळी टीम निहारच्या अंगावर पडली होती, आणि त्या ढिगातून मान वर काढून तो आमच्याकडे बघत होता. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती...

पुढच्याच आठवड्यात एकांच्या घरी बटाटेवडे खाता खाता भावजी सांगायला लागले, "काय हाणला पोराने! डावीकडे, थेट कुंपणावरून!" डावीकडे! लाज कशी ती नाहीच. मी निहारकडे बघितलं. तो वडा खात राहिला. पुढे कितीतरी वर्षं तो बॉल दर पार्टीत डावीकडेच गेला, आणि दरवेळी थोडा आणखी लांब.

गेल्या महिन्यात अंत्यविधीच्या हॉलमध्ये निहार बोलायला उभा राहिला. इंग्लिशमध्ये त्याच डावाची गोष्ट सांगितली. म्हणाला, डॅड स्टँडमध्ये होते, आणि बॉल डावीकडच्या कुंपणावरून गेला. मी बसल्या जागी पेटले. बाहेर आल्या आल्या त्याला धरलं.

"अरे, उजवीकडे गेला होता तो. मी होते ना तिथे!"

"आय नो, मावशी. पण राइटला गेला, त्यात बाबा नाहीयेत. लेफ्टला गेला, त्यात आहेत."

मी त्याची कॉलर सरळ केली. म्हणून माझा राग गेला असं मात्र कुणी समजू नये. तो आहे, चांगला राहणार आहे. परवा ताईकडे गेले तर दारात भावजींची गाडी तशीच, तोंड रस्त्याकडे करून उभी. हल्ली ती निहार चालवतो. संध्याकाळी घरी आला की रिव्हर्स घेऊन लावतो.