पाताळपाणीचा कोरडा धबधबा आणि नानाचा तांब्या

महिना होईल आता. सकाळी रावेरहून भाच्याचा फोन आला, "आत्या, नाना गेले... चहा मागितला, आणि कप हातात द्यायच्या आत गेले." नव्वदी ओलांडलेला माणूस, भरल्या घरातून, चहाचं नाव घेत गेला. मी रडले, पण खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला.

नाना माझा थोरला भाऊ. पन्नास साली लग्न होऊन मी इंदूरला गेले, आणि तेव्हापासून दर आखाजीला तो मला न्यायला यायचा. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि लेकीला आणायला जातो तो मुराळी. खंडव्यापर्यंत मोठी गाडी, तिथून लहान रुळांची, घाट चढणारी. काळाकुंडला तिला मागून दुसरं इंजिन लागायचं. "दोन इंजिनं लागतात तुले आणाले," नाना दरवर्षी न चुकता ऐकवायचा. हातात त्याचा फिरकीचा पितळी तांब्या. त्यात आमच्या विहिरीचं पाणी, मायनं स्वतः भरून दिलेलं. येताना तहानेनं जीव गेला तरी पठ्ठ्या झाकणाची फिरकी सोडत नसे. परतताना घाट उतरण्याआधी पाताळपाणी स्टेशनात ब्रेक तपासायला गाडी थांबे, आणि पुढे खिडकीतून धबधबा दिसे. दिसे म्हणजे काय, वैशाखात तिथे टिपूस नाही, नुसता काळा कडा! बाकीचे लोक डुलक्या घेत. नाना मात्र मला खिडकीशी बसवी, तांब्या बाहेर धरून बारीक धार सोडी आणि ओरडे, "पाह्य, धबधबा!" मागच्या खिडकीतले लोक भिजून शिव्या देत. उरलेलं पाणी माझं. कोमट, पितळेच्या वासाचं... पण ते पिऊन पहिला बोगदा लागेपर्यंत मी अर्धी माहेरी पोचलेली असे.

मग एका पौषात माय गेली. आई संपली की माहेर संपलं, असं बायका म्हणतात, आणि मला ते अगदी पटलं होतं. वहिनी नवी, परक्या घरची, तिला माझं काय पडलंय? मी नानाला कार्ड टाकलं, 'यंदा येऊ नकोस.' टाकलं खरं, पण चैत्र लागल्यापासून माझे डोळे दाराकडे. आणि आला की हा! "कागद भेटला. पन मले कुठी वाचता येते?" सातवी फायनल पास झालेला माणूस! पण सासूबाई अडून बसल्या. पापड झाल्याशिवाय सून हलणार नाही, आणि पापडांचं पीठ तर अजून डब्यात. आखाजी तीन दिवसांवर. नानानं तांब्या खुंटीला अडकवला, बाह्या सरसावल्या आणि पोळपाटाशी बसला. "अहो पाव्हणं, हे काय पुरुषाचं काम?" सासूबाई म्हणाल्या. "केळीचे घड उचलतो, मावशी. लाटनं काय जड हाये?" दोन दिवस तो लाटत होता. एक पापड गोल होईल तर शपथ! सासूबाई हसून हसून बेजार झाल्या, आणि पुढे वर्षभर त्या पानात 'नानाचे नकाशे' वाढत होत्या.

तिसऱ्या दिवशी, ऐन आखाजीला, आम्ही गाडीत बसलो. पाताळपाणी सुटलं, कोरडा कडा दिसला, तशी मी घळाघळा रडायला लागले. "माय नाही रे नाना. आता मला तिथे कोण विचारतंय?" नानानं फिरकी सोडली. धार न सोडता पहिल्यांदाच अख्खा तांब्या माझ्या हातात दिला. "पे. तुह्या वहिनीनं भरला हाये. मी विसरलो होतो, तर स्टेशनापावतर पळत आली." मी गटागटा प्याले. वर तोंड केलं तर नाना खिडकीबाहेर बघत होता, कान लाल. "मुराळी येते तवलोक माहेर हाये," एवढंच म्हणाला. संध्याकाळी पोचलो, तर वहिनीनं निंबाला बांधलेला झोका माझ्यासाठी कुणाला उतरवू दिला नव्हता. रिकाम्या झोक्याशेजारी ती उभी होती.

आता त्या घाटात म्हणे फक्त मजेसाठी गाडी चालते. पावसाळ्यात लोक धबधबा बघायला तिकिटं काढतात. नातवानं मला नेलंही. खूप पाणी होतं, छान होतं. नानाचा धबधबा मला जास्त आवडायचा, झालं.

तेराव्यानंतर मी रावेरहून निघाले, तेव्हा भाच्यानं खुंटीवरचा तो तांब्या काढून, पुसून माझ्या हातात ठेवला. "आत्या, नानांची आठवण. न्या तुम्ही." हलका लागला हाताला. फिरकी फिरवून पाहिली, आत कोरडा ठणठणीत. मी तो त्याला परत दिला. म्हटलं, "रिकामा तांब्या मी नेत नसते रे. खुंटीला लाव. आखाजीला विहिरीवरून भर, आणि मला न्यायला ये."