एनॉकची भट्टी

माझा धाकटा भाऊ क्लिफर्ड टनिक्लिफ. इंग्लंडातल्या बर्स्लेम गावात आमच्या वडिलांचा कपबशांचा छोटा कारखाना तो अजून चालवतो. सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, पण पहाटे कुलूप उघडायला हाच पुढे. आमच्याकडे पाद्र्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना ‘डक’ म्हणतात, म्हणजे बदक. क्लिफला कामगारही तसंच म्हणतात आणि तो ओ देतो.

स्वभावाने लोणी. फक्त वेळेच्या बाबतीत वीट. सातला यायचं म्हणजे सातलाच. दुपारी बाराला भट्टी लागते, त्याआधी माल आत.

तर नवा कायदा येणार असं कळलं. कामगाराने वेळ बदलून मागितली आणि मालकाला नाही म्हणायचं असलं, तर आता पटेल असं कारण द्यावं लागणार. क्लिफ पालिकेच्या सभेला जाऊन आला आणि रविवारी माझ्याकडे ओटची धिरडी खायला बसला. आत चीज वितळतंय आणि हा नुसता काट्याने टोचतोय.

“अगं, आतापासून तयारी करा म्हणाली सभेतली बाई. घरी सराव करा. हिल्डा, तू लॉरेन हो.”

लॉरेन ब्लूर ही त्याची सोनेरी रेघ काढणारी. कप फिरत्या चाकावर ठेवते, कुंचला नुसता टेकवते, की काठावर केसाएवढी रेघ. पोरगी होती तेव्हा क्लिफनेच शिकवलं तिला. तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, एक हात लुळा पडला. सकाळी त्यांना उठवून, न्हाऊ घालून, भरवून कामावर पोचायचं म्हणजे दहा वाजणार. सुपरमार्केटात सवडीच्या पाळ्या मिळतात, तिकडे चौकशी केल्याचं तिने बसच्या थांब्यावर मला सांगितलं होतं. क्लिफच्याही कानावर गेलं होतंच. ती गेली तर तसा हात पुन्हा मिळायचा नाही, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याला करमायचं नाही. हे मात्र तो बोलायचा नाही.

मी पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसले आणि लॉरेन झाले.

“मालक, मला उद्यापासून दहाला यायचंय.”

“मालक कशाला? ती क्लिफ म्हणते.”

“बरं. क्लिफ, बाबांना उठवायचं असतं रे. दहाला येऊ?”

“नाही जमणार, डक.”

“का?”

“बाराला भट्टी लागते. दहाला आलीस तर कप कधी व्हायचे?”

“मग बाराला का लागते?”

“का म्हणजे? बाराला लागते!”

“हे कारण झालं होय? माझ्या कोंबड्यासुद्धा याहून बरं कारण देतात.”

क्लिफ चिडला. “अगं, एनॉक बाराला पेटवायचा. पोटात काही घालण्याआधी भट्टीच्या पोटात घालावं, म्हणायचा. तेव्हापासून...”

आणि थांबला. वडिलांच्या वेळची ती विटांची, बाटलीसारखी भट्टी. कोळसा घालायचा एनॉक. धुराचा कायदा आला तेव्हाच ती विझली, आता तिच्यात पारवे राहतात. क्लिफची भट्टी विजेची आहे. बटण दाबलं की झालं. बटणाला भूक नसते.

“एनॉकला जाऊन किती दिवस झाले रे?” मी विचारलं.

“दिवस? अगं, मी शाळेत होतो तेव्हा गेला.”

“मग जेवला असेल एव्हाना बिचारा.”

क्लिफ इतका हसला की ठसका लागला. मग धिरडी संपवली. माझंही एक उचललं.

सोमवारी तो लॉरेनच्या चाकापाशी उभा राहिला. मी त्या दिवशी मुद्दाम अंडी द्यायला गेले होते.

“डक, उद्यापासून दहाला ये. भट्टी संध्याकाळी पाचला लावू.”

लॉरेनने कुंचला उचलला. “मी मागितलं कुठे?”

“मागायच्या आधीच देतोय. तुझं काही खरं नाही, मागायची लाज वाटते तुला.”

“आणि तुला द्यायची!”

“कप बघ, रेघ वाकडी जाईल.”

“तू गेलास की सरळ येईल,” ती म्हणाली, आणि कुंचला कोरडा होईस्तोवर पुसत बसली.

सगळं गोड झालं असं नाही. भट्टी आता सकाळी उशिरा उघडते, त्यावरून माल बांधणारा रेज रोज कुरकुरतो. मग त्यानेही शुक्रवारची दुपार मागून घेतली, कबुतरांच्या शर्यतीसाठी. क्लिफने दिली, पण दोन दिवस तोंड फुगवून हिंडला.

लॉरेन दहाला येते. वडिलांनी अर्धं अंडं आपल्या हाताने खाल्लं, असं परवा सांगत होती. सुपरमार्केटाचं नाव काढत नाही.

बारा वाजले की क्लिफ पाय घेऊन बसतो. हा खायचा इंग्रजी पाय, पिठाच्या पारीत मांस भरून भाजलेला, गुडघेवाला नव्हे. पहिला घास घ्यायच्या आधी खिडकीतून त्या पारव्यांच्या भट्टीकडे बघतो, आता भट्टीच्या आधी आपण जेवतो म्हणून जरा ओशाळून.

“खा रे,” लॉरेन चाकावरून ओरडते, “एनॉकला मी सांगितलंय, थोडं थांब म्हणून.”