बाई लिहीत आहेत

जाधवबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या त्यांच्या टायपिंगच्या वर्गात. डोंबिवली पूर्वेला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग होता. मी बारावीला गणितात नापास झाले होते आणि घरात नुसती बसून राहू नये म्हणून वडिलांनी माझं नाव तिथे घातलं होतं. तिसऱ्या दिवशी मशीनसमोर बसल्या बसल्या मला रडू कोसळलं. बाई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या मशीनमध्ये कोरा कागद चढवला आणि म्हणाल्या, "आज पाठ राहू दे. मनात येईल ते टाइप कर. मी वाचणार नाही." आणि खरंच वाचलं नाही. तासाभरात दोनदा येऊन फक्त माझी खाली पडलेली मनगटं वर उचलून गेल्या. त्या कागदावर वडिलांबद्दल बरंच वाईटसाईट होतं आणि शुद्धलेखनाच्या चुका तर विचारूच नका.

बाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या वर्गाबद्दल आणि शिस्तीबद्दल या गौरवग्रंथात इतर विद्यार्थी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते वर्ग बंद झाल्यानंतरच्या त्यांच्या कामाबद्दल.

काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जणांनी एक गट सुरू केला. ज्याला मनातलं कुणाला तरी सांगायचं आहे पण तोंडाने सांगवत नाही, त्याने आमच्या वेबसाइटवर यावं, नाव न सांगता लिहावं आणि पलीकडून एका माणसाने त्याला उत्तर द्यावं, एवढंच काम. स्वयंसेवकांचं प्रशिक्षण मी ठाण्यात बाळकुमला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात घ्यायचे. तिथे एका रविवारी बाई वही घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसल्या. मला वाटलं, जुनी विद्यार्थिनी म्हणून माझं कौतुक बघायला आल्या असतील. मध्यंतरात त्यांनी मी स्वयंसेवकांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका परत दिली तेव्हा तिच्यात 'काळजी करू नका' हे वाक्य लाल पेनाने तीन ठिकाणी खोडलेलं होतं. असं सांगून कुणाची काळजी थांबली आहे का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. ते वाक्य आम्ही काढून टाकलं.

रात्रीची पाळी सर्वांत अवघड, असं आम्ही सगळे समजत होतो. बाईंनी दुपारची मागून घेतली, दोन ते पाच. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे सकाळी अर्धं गाव कामाला निघून जातं, मुलं शाळेत जातात आणि मागे घरात जे माणूस उरतं त्याला दुपारी कुणी विचारत नाही. त्यांचं खरं ठरलं. तान्ह्या बाळाबरोबर एकट्या पडलेल्या आया, नोकरी गेल्याचं घरी न सांगता बागेत बसून वेळ काढणारे पुरुष, आजारपणातून उठलेली माणसं, सगळी दुपारीच लिहू लागली. डोंबिवली-ठाकुर्लीकडच्या माणसाने दुपारची झोप सोडायची म्हणजे काय, हे मी वाचकांना वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी बाईंचा उजवा हात थरथरू लागला. औषधं सुरू झाली, पण दोन ओळी लिहायला दहा-दहा मिनिटं लागू लागली. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटांना वेग दिला, त्यांना एकेक अक्षर शोधून दाबताना पाहवत नसे. गटात कुजबुज सुरू झाली की पलीकडचा माणूस ताटकळतो. गटाची जबाबदारी माझ्याकडे असल्याने मी एक सोय काढली. पडद्याच्या कडेला तयार वाक्यांची बटणं, एक दाबलं की अख्खं वाक्य जाणार. बाईंना ती आवडली नाहीत, तरी माझा मान राखून त्यांनी ती लावू दिली.

त्याच आठवड्यात मी ती सोय कशी चालते हे पाहायला त्यांच्या ठाकुर्लीच्या घरी गेले होते. कल्याणहून एका गृहस्थांनी लिहिलं, बायकोला जाऊन तीन महिने झाले, एकट्यासाठी कुकर लावायचा कशाला आणि जगायचं तरी कशाला. बाई उत्तर लिहायला गेल्या आणि थरथरतं बोट माझ्या बटणावर पडलं. पलीकडे वाक्य गेलं की संपर्क साधल्याबद्दल आभार, आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. लगेच उत्तर आलं, "बँकेसारखं बोलू नका. जातो मी."

 मी कीबोर्डकडे हात नेला, तो बाईंनी बाजूला केला आणि स्वतः लिहू लागल्या. स्वतःबद्दल काही सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम. बाईंनी लिहिलं, "चूक झाली. माझा हात थरथरतो, भलतंच बटण दाबलं गेलं. तुमचं सगळं वाचलंय. थांबा, मी लिहितेय." एवढ्याला किती मिनिटं गेली, मला सांगता येणार नाही. मग पलीकडून आलं, "बायकोचापण हात थरथरायचा. चहा सांडायचा तिचा. सावकाश लिहा, मी आहे."

पाच वाजून गेले तरी दोघं लिहीत होते. आज जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का, हे बाईंनी त्यांना आडवळण न घेता विचारलं. त्यांनीही खरं उत्तर दिलं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बहिणीला वर बोलावून घेतल्याचं त्यांनी कळवलं, तेव्हाच बाई खुर्चीवरून उठल्या.

हे डोळ्यांनी पाहूनही पुढच्या बैठकीत मी गप्प बसले. बाईंना आता मोकळं करावं, असं तिथे ठरलं. सत्कार करून माणसाला मानाने घरी बसवायची आपल्याकडची रीत आहे आणि हा ग्रंथही, आता लपवण्यात अर्थ नाही, त्याच बैठकीत ठरला. निरोप सांगायला मला पाठवलं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आपल्यामुळे कुणाचं नुकसान झालं आहे का, असं विचारलं आणि झालं असेल तर आजच थांबते म्हणाल्या. मी म्हटलं, तसं नाही, पण लोकांना उत्तरासाठी ताटकळावं लागतं.  बाई म्हणाल्या, "दुपारी मग मी काय करू गं?"

बाईंना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरी येईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती.

चार दिवसांनी कल्याणच्या त्या गृहस्थांचं पत्र आमच्या गटाच्या पत्त्यावर आलं. नाव न घालता ते छापायला त्यांची परवानगी आहे. "त्या दिवशी पडद्यावर 'लिहीत आहे' असं दिसायचं, मग जायचं, परत दिसायचं," त्यांनी लिहिलं होतं. "उत्तर येत नव्हतं. पण माझ्यासाठी कुणीतरी एवढा वेळ धडपडतंय, ते दिसत होतं. पटकन उत्तर आलं असतं तर मी उठून गेलो असतो." मी ते बैठकीत मोठ्याने वाचलं आणि बाईंच्या घरी जे बघितलं होतं तेही या वेळी सांगितलं. कुणी वाद घातला नाही. तयार वाक्यांची बटणं सगळ्यांच्याच पडद्यावरून काढली.

बाई, तुम्हाला खूप आयुष्य मिळो आणि ते सुखाचं जावो. औषधाच्या वेळा तुम्ही चुकवता असं सूनबाईंकडून कळलं आहे, तेवढ्या मात्र पाळा. हा ग्रंथ निरोपाचा म्हणून सुरू झाला होता. त्याबद्दल मी सगळ्यांच्या वतीने तुमची माफी मागते. सोबत पुढच्या महिन्याचा पाळ्यांचा तक्ता ठेवला आहे. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते पाच, जाधवबाई.