उघड्या दाराची खोली

पत्नीच्या उजव्या डोळ्याचे नेत्रपटल, म्हणजे आतला पडदा, सुटले होते. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडण्यात आला आणि डॉक्टरांनी बजावले की काही दिवस मान खालीच हवी. झोपताना, बसताना, जेवतानादेखील. तो बुडबुडा नेत्रपटलाला जागेवर दाबून धरतो. मान झटक्याने वर गेली, तर डोळा जाण्याची भीती. मीरा रोडच्या आमच्या इमारतीत नेमके तेव्हाच लिफ्ट बदलण्याचे काम निघाले होते आणि आम्ही सातव्या मजल्यावर. म्हणून काशीमीऱ्याला, दवाखान्याच्याच गल्लीत, महामार्गाला लागून असलेल्या हॉटेलात मी खोली घेतली.

सोय उत्तम होती. हॉटेल मात्र उतरणीला लागलेले. एके काळी येथे लग्नाची वऱ्हाडे उतरत. आता पाटीवरची निम्मी अक्षरे विझलेली, जिन्याच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या, आणि बाहेरून ट्रेलर गेला की पेल्यातले पाणी थरथरे. दाराच्या कडीचा कोयंडा चौकटीतून उखडलेला होता. काउंटरवर सांगितले.

"कल मिस्त्री आएगा, अंकल. टेन्शन मत लो, इधर सब अपने ही लोग हैं."

ते 'अपने लोग' मी येता येता पाहिले होते. उघड्या अंगाने व्हरांड्यात फोनवर शिवीगाळ करणारे, आणि शेवटच्या खोलीत चेहरा झाकून शिरलेली एक बाई.

दुपारी दार धाडकन उघडले. बनियनवरचा एक धिप्पाड माणूस, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. "सॉरी, गलत रूम," म्हणून तो गेला. पत्नी दचकली, तिचे खांदे हलले. मान हलली नाही.

माझी सारी नोकरी बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली. सुरक्षित ठेवायचे म्हणजे बंद करायचे, एवढेच मला ठाऊक. मी टेबल दाराकडे ओढू लागलो.

ती पालथी पडून होती. कपाळाखाली टॉवेलची गुंडाळी, तोंड पलंगाच्या कडेबाहेर. चांगल्या डोळ्याला फरशी तेवढी दिसे.

"अहो, काय ओढताय?"

"टेबल. दाराला लावतोय."

"नका लावू. दार सताड उघडा. माझी एखादी साडी आडवी टांगा आणि तुम्ही खुर्ची घेऊन तिथे बसा."

"वेड लागलंय का तुला? बाहेर कसली माणसं आहेत ती बघितलीस?"

"मी कशी बघणार? मला जमीन दिसतेय." ती हसली. "अहो, बंद दार बघून त्याला खोली आपलीच वाटली. आमच्या चाळीत दिवसा दार लागलेलं असलं की लोक ढकलूनच बघायचे, कोण आजारी पडलंय म्हणून. उघडं असलं की बाहेरूनच हाक."

मला हे पटले नाही. परंतु वाद घातला तर ती मान वर करील, या भीतीने मी साडी टांगली. ती फरशीपासून वीतभर वरच राहिली. त्या फटीतून पत्नीला व्हरांडा दिसू लागला. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय.

थोड्या वेळाने दोन पाय साडीपाशी थांबले आणि पुढे सरकेनात. मी उठलो. तेवढ्यात ती आपल्या मुंबईच्या हिंदीत म्हणाली, "कौन है भाईसाब? कब से देखती हूँ, आपका चप्पल टूटा है. गिर जाओगे."

बाहेरून दुपारचाच भारदस्त आवाज आला. "माताजी, आप उल्टे काहे लेटे हो?"

"आँख का ऑपरेशन हुआ है. हिलने का नहीं."

पाय वळले आणि व्हरांड्यात डरकाळी घुमली. "ए! टीवी कम कर! इधर ऑपरेशनवाला पेशंट है!"

"तू कब से डॉक्टर बन गया बे?" पलीकडून कोणीतरी खिजवले. हशा झाला. पण टीव्हीचा आवाज उतरला.

मी पुन्हा खुर्चीत बसलो. जे माझ्या डोळ्यांदेखत घडत होते, त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. माणसे आमच्या खोलीपाशी आली की आवाज खाली आणत. हॉटेलच्या लिफ्टचे जाळीचे दार कोणीही आपटेना. संध्याकाळी मी चमच्याने चहा पाजत होतो आणि निम्मा सांडत होता, तेव्हा शेवटच्या खोलीतली बाई साडीबाहेर उभी राहिली. "अंदर आऊँ?" तिने विचारले आणि रसाच्या दुकानातून आणलेली स्ट्रॉ दिली. पत्नीने तिच्या पायांतल्या जोडव्यांचे कौतुक केले. त्या दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

जिला भिंत, कडी, स्वतःची नजर, कशाचाच आधार नव्हता, जिने मानही वर करायची नव्हती, तिने पडल्या पडल्या एक अख्खा मजला आपल्या रखवालीला लावला होता. एवढे सामर्थ्य मी जवळून कधी पाहिलेले नाही. पोलाद मी आयुष्यभर हाताळले आहे.

सकाळी तिचा दंड धरून, तिची नजर रस्त्यावर ठेवून, तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि यंत्रातून बराच वेळ पाहिले. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो. त्यातले एक अक्षरही मला उमगले नाही.

"बसलंय जागेवर," ते म्हणाले. "अजून चार दिवस अशीच मान खाली."

"आणि मग वर करता येईल ना?" तिने विचारले. "सगळ्यांना पायांवरून ओळखते मी. एकाचंही तोंड पाहिलेलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी तिचा दंड धरला आणि आम्ही हॉटेलकडे निघालो.