तुसाची पोती आणि बाबांचे कान

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. भूत, भानामती, अंगात येणं... या भानगडींशी आपलं काही देणंघेणं नाही. आमच्या चौकातल्या पिंपळाबद्दल लोक काहीबाही सांगतात, मी त्याच पिंपळाखाली स्कूटर लावतो. इथं लोक लिहितात ते भुताखेताचे अनुभव मी जेवणानंतर करमणूक म्हणून वाचतो आणि निम्म्या लोकांना मनातल्या मनात "फेकू" म्हणतो. आता मीच लिहायला बसलोय. म्हणा फेकू. चालेल.

मी तुमसरचा. धान बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर, आणि बाजारात माझं बारदान्याचं दुकान. बारदाना म्हणजे रिकामी पोती, राइस मिलवाल्यांना लागतात ती. बाबा मात्र विणकर. जन्मभर घरच्या मागावर धोतरं-लुगडी विणली. मागल्या खोलीत त्यांचा खड्डामाग होता... म्हणजे जमिनीत खड्डा, विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पावड्या दाबतो. लुगडी नेसणाऱ्या बाया कमी होत गेल्या, माग विकला, खड्ड्यावर सागाच्या फळ्या ठोकल्या आणि खोलीची अडगळ झाली.

ती खोली मी माझ्या नादासाठी घेतली. नाद गाणी ऐकण्याचा. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते की गाणी कमी आणि मशिनीच जास्त. खोटं नाही बोलत ती. आधी साधा टेप होता. मग डेक आला. मग नागपूरहून जुना अँप्लिफायर, मग त्याला शोभतील असे स्पीकर, मग त्या स्पीकरना शोभेल असा दुसरा अँप्लिफायर... हे चक्र ज्याला लागलं त्यालाच कळतं. "आता बस, यापुढं काही घेणार नाही," असं मी म्हटलं की सुनंदा लगेच विचारते, "आता काय येऊन राहिलं घरी?"

या सगळ्यातलं बाबांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांचे कान हळूहळू गेले, आणि मग पार गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नसाच कामातून गेल्या आहेत, कानाला मशीन लावून फक्त खरखर वाढेल. तसंच झालं. ते मशीन बाबांनी काढून देवळीत ठेवलं ते ठेवलंच.

बहिरा माणूस घरात असला की काय होतं, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच ठाऊक. बाबा ओरडून बोलायचे, कारण त्यांना स्वतःचाच आवाज कळत नव्हता. लोक हसतात म्हणून चौकात बसणं बंद झालं. मग पंगतीत जाणं बंद. मग बोलणंच बंद. सगळ्यात हाल झाले आईचे. आमची आई म्हणजे बोलण्याची चक्की. लग्न झाल्यापासून बाबा विणत बसायचे आणि ती बाजूला बसून सुताच्या कांड्या भरता भरता अख्ख्या गावाच्या गोष्टी सांगायची. आता तिला "जेवता काय" एवढं विचारायलाही हातवारे करावे लागत. एकदा भाजी निवडताना माझ्याजवळ बोलून गेली, "मी कोनाशी बोलू रे आता? घरात मानूस आहे, पन आपला मानूस नाही राहिला." मी दुकानात निघून गेलो.

तर, खोली. आम्हा नादिष्ट लोकांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. तिथं एकानं सांगितलं, भाऊ, मशिनी बदलणं थांबव, आधी खोली सुधार. टाळी वाजवून बघ. मी वाजवली. टण्ण्... आवाज भिंतीभिंतीवर आपटत राहिला. आणि तबल्याचा डग्गा वाजला की खालून असा घुमारा यायचा की जणू कोणी रिकामं पिंप बडवतंय. कारण उघड होतं, फळ्यांखालचा खड्डा पोकळ होता.

शहरातले लोक यासाठी फोम आणतात, काचेची लोकर आणतात. मी बारदानावाला! पोती घरची, आणि तुमसरात भरायला काय कमी? डोकं लढवलं — जितकं जड तितकं चांगलं, म्हणून तुसाऐवजी, म्हणजे धानाच्या हलक्या टरफलांऐवजी, तांदळाचा कोंडा भरला. इथंच माती खाल्ली. कोंड्यातून तेल काढतात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, पण मला आठवलं नाही. ऊन तापलं तसा तो कोंडा खवट झाला, अळ्या झाल्या, त्यांची पाखरं होऊन उडायला लागली. सुनंदानं नाकाला पदर लावून विचारलं, "हे संगीत आहे का जी तुमचं?"

सगळं उपसलं. मग मिलमधून धानाचं कोरडं तूस आणलं, पोती गच्च भरून शिवली, काही खड्ड्यात दाबली, काही चारही कोपऱ्यांत छतापर्यंत रचली. उघडी पोती दिसायला बरी दिसेनात, तेव्हा आईनं पेटीतून न विकलेली लुगडी काढून दिली, बाबांच्याच हातची. ती वरून ताणून बसवली. खाली दोन सतरंज्या. पुन्हा टाळी वाजवली. आवाज निघाला आणि तिथंच थांबला. वा! त्या दिवशी एकटाच हसत बसलो होतो मी.

आता मुद्द्यावर येतो.

उन्हाळ्याची दुपार होती, बाजार बंद. पोत्यांमुळे ती खोली थंड राहते, म्हणून बाबा आत आले आणि माझ्याच खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मागे उभा राहून बासरीचं एक नवीन रेकॉर्डिंग लावलं, जरा मोठ्यानंच. बाबांना काय फरक पडतो, म्हटलं.

बाबा म्हणाले, "कमी कर बे. कान फाटून राहिले."

हळू आवाजात म्हणाले. त्यांचा तो जुना, साधा आवाज... किती वर्षांनी ऐकला मी! बासरी बंद केली. तिथूनच, त्यांच्या पाठीमागून, अगदी पुटपुटल्यासारखं म्हटलं, "बाबा, चहा घेता का?"

"दे ना. साखर कमी टाक म्हना."

मी धावतच आईला बोलवायला गेलो. ती आली, आणि सवयीप्रमाणे दारातूनच किंचाळली, "काय झालं जीऽऽ?"

बाबा दचकले. "वरडून काहून राहिली? मी का बहिरा आहो?"

आई भिंतीला धरत आत आली, सतरंजीवर बसली आणि विचारलं, "आयकू येते तुमाले?" इतकं हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही.

"हव," बाबा म्हणाले. म्हणाले आणि त्यांचा चेहरा बघत राहावा असा झाला. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. मग दोघंही रडायला लागले, आणि मी चहाच्या निमित्तानं बाहेर आलो. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं, लपवायचं कशाला.

थोड्या वेळानं आनंदात सगळे बाहेर निघालो. आई त्यांना काहीतरी सांगतच होती. उंबरठा ओलांडला आणि बाबा थांबले. "काय?" पुन्हा तोच मोठा, फाटका आवाज. आई मोठ्यानं बोलली. काही नाही. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, आत. "आता बोल." ती बोलली. ऐकू आलं.

बस. तेव्हापासून हे असंच आहे. त्या खोलीत ऐकू येतं, बाहेर ठार बहिरे.

मी नागपूरला नेलं त्यांना. पुन्हा तपासणी झाली. कागदावरची रेघ आधीसारखीच, जराही फरक नाही. डॉक्टर म्हणाले, ओठांवरून ओळखत असतील. मी म्हटलं, साहेब, मी पाठीमागून बोललो होतो. ते हसले. "मग खोलीच घेऊन या इकडे." चांगला माणूस आहे, पण मला त्या दिवशी राग आला.

ग्रुपवरच्या एका इंजिनियरचं म्हणणं, फळ्यांमधून कंपनं हाडांत जातात. पटण्यासारखं आहे. म्हणून बाबांना गादीवर बसवलं, पाय वर घ्यायला लावले, आणि कोपऱ्यातून कुजबुजलो. उत्तर आलं. कुजबुजण्यानं कसली कंपनं होणार, राजेहो? आई म्हणते, जन्म त्या जागी बसून काढला, जागा आपल्या माणसाला ओळखते. सुनंदा म्हणते, लुगड्यांचा गुण. मला दोन्ही पटत नाही. पण माझ्याजवळ तिसरं काही नाही.

आणि मग गेल्या हिवाळ्यात उंदीर शिरला.

सकाळी बघतो तर कोपऱ्यातलं एक पोतं कुरतडलेलं, सतरंजीवर तुसाचा ढीग, वरचं लुगडंही फाटलेलं. सुनंदा झाडू घेऊन आली. "फेका ते पोतं, नवीन ठेवा. बारदान्याचा का दुष्काळ आहे आपल्याकडं?" मी तिच्या अंगावर असा ओरडलो की ती बघतच राहिली. माझी टरकली होती, दुसरं काय! कशामुळे ऐकू येतं हेच ठाऊक नाही, तर त्यातलं काय गेलं म्हणजे सगळं जाईल हे कोणाला ठाऊक? बाबा आत जाऊन बघायलाच तयार होईनात. ओसरीवर पाठ करून बसले. आईनं त्या दिवशी पोळ्या लाटल्या त्या सगळ्या वाकड्या.

दुकान बंद ठेवलं. तेच तूस सुपात गोळा केलं, लेंड्या निवडल्या, त्याच पोत्यात भरलं. दाभण आणि सुतळी घेऊन ठिगळ लावलं. आयुष्यात हजारो पोती शिवली असतील, पण टाका इतका मोजून कधी घातला नव्हता. लुगडं आईनं स्वतः रफू केलं, चष्मा पुसत पुसत. पोतं होतं तिथं, होतं तसं ठेवलं.

मग बाबांना हाताला धरून आत नेलं. खुर्चीवर बसवलं. मी आणि सुनंदा दाराशी. बोलायचं कोणी? बाबा जमिनीकडे बघत होते.

शेवटी आई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सांजेले वांग्याची भाजी करू का जी?"

बाबांची नजर जमिनीवरच.

"रोज रोज वांगी," बाबा म्हणाले. "दुसरं काही भेटतच नाही का बजारात?"

सुनंदा हसता हसता रडत होती. आणि आमची आई, जिनं नवऱ्यापुढं कधी ब्र काढला नाही असं ती स्वतःच सांगते, ती कमरेवर हात ठेवून त्यांच्याशी चांगली भांडायला लागली. काय भांडली म्हणता! वांग्यांपासून सुरुवात करून लग्नातल्या मानपानापर्यंत पोचली. बाबाही मागे हटले नाहीत.

ग्रुपवरचे मित्र अजून मागे लागले आहेत. म्हणतात, शास्त्रशुद्ध पद्धतीनं कर — एकेक पोतं बाहेर काढ, मग लुगडी, मग खड्ड्यातली भर, प्रत्येक वेळी तपास, कारण सापडेल. बरोबर आहे त्यांचं. पूर्वीचा मी असतो तर एव्हाना सगळी खोली उचकटून बसलो असतो. आता मी तिथली साधी वायर बदलत नाही. नवे स्पीकर घ्यायचे होते, नाही घेतले. खोली तशी माझी राहिलेलीच नाही म्हणा. जेवणं झाली की दोघं आत जातात आणि दार लोटून घेतात. मी माझी गाणी दुकानात बसून हेडफोनवर ऐकतो.

हे कशानं होतं? मला माहीत नाही. भूत म्हणणार नाही, चमत्कार म्हणायलाही जीभ रेटत नाही. इथं कोणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा, मी वाचेन. पण पोतं मात्र एकही हलवणार नाही. किती वर्षांचं तुंबलेलं आहे तिचं... आईचं बोलणं अजून संपलेलं नाही.