आईचं नाव लागतं

सासूला पित्ताचे खडे निघाले, सोमवारचं ऑपरेशन ठरलं आणि तिच्याजवळ दवाखान्यात राहायची पाळी माझ्यावर आली. दीर सास्तूरला सोयाबीन काढण्यात, नवरा ड्युटीवर, नणंदेच्या घरी परीक्षा. मग राहिलं कोण? धाराशिवच्या त्या दवाखान्यात लोखंडी स्टुलावर बसून मी आत्यांना चमच्यानं पाणी पाजत होते आणि आतून जळत होते. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात.

लग्न झाल्यापासून आमच्या भांडणाची सुरुवात एकाच ठिकाणाहून व्हायची. भाकरी करपली, पोरगा नापास झाला, की आत्या माझ्या आईचं नाव घेऊन सुटायच्या. "अमकीची लेक ही! वळण कुठनं येनार?" आई तामलवाडीत भाजी विकते. तिनं यांचं काय घोडं मारलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

गुरुवारी दुपारी मैत्रिणीचा फोन आला. पुण्याच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. ती बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. हातात चमचा होता म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"शनिवारी आमच्या सिनेगॉगमध्ये आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतात," ती म्हणाली. "सासूबाईंचं देऊ का?"

"त्या ज्यू नाहीत, बाई."

"माझी शेजारीण तरी कुठं आहे? तिचं मागच्याच शनिवारी घेतलं. एकदोन म्हातारे कुरकुरले, मग त्यांनीच मोठ्यानं आमेन म्हटलं. फक्त सासूबाईंच्या आईचं नाव सांग. आमच्यात आजारी माणसाला आईच्या नावानं पुकारतात. अमकीची मुलगी अमकी, असं. आणि उद्या सूर्य मावळायच्या आत कळव. शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागला की शनिवार मावळेपर्यंत मी फोन घेत नाही."

मी आत्यांना विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय?"

"ठावं न्हाय."

"आईचं नाव ठाऊक नाही?"

"मला जलम देतानाच मेली ती. चुलतीनं वाढवलं. त्या घरात तिचं नाव कुनी काढलं न्हाय. मला म्हनायचे, आईला खाल्लेली. कुनाला इचारू?"

माझा राग उतरायला हवा होता. उलट चढला. जिला स्वतःची आई ठाऊक नाही, तिनं माझ्या आईचा इतकी वर्षं उद्धार केला!

"मग वडिलांचं चालेल," फोनमधून मैत्रीण म्हणाली.

"बापाचं नगं," आत्या फोनकडं बघत म्हणाल्या. "त्यानं दुसरी केली अन् मला भावाच्या दारात टाकलं." मग माझ्याकडं वळल्या. "तुझ्या आईचं लाव. तेवढी एकच आई मला नावानं ठावी हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जमणार नाही," म्हणून मी फोन बंद केला.

शुक्रवारी भूल देणारे डॉक्टर तपासून गेले. वय जास्त आहे, म्हणाले. आत्यांनी चहाला हात लावला नाही. मरणाला घाबरलेली म्हातारी मी पहिल्यांदाच बघत होते आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

दुपार कलली तशा त्या म्हणाल्या, "लावलंस का?"

"एका अटीवर लावते. बऱ्या झालात की पुन्हा माझ्या आईला बोलायचं नाही. घ्या शपथ."

त्यांनी बराच विचार केला. "न्हाय घेत. मला माझं त्वांड ठावं हाय. खोटी शपथ घिऊन कुन्या देवाम्होरं जाऊ?"

असा संताप आला! खोटं बोलल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. मी व्हरांड्यात गेले. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत उतरला होता. दोन्ही नावं टाइप केली आणि पाठवली. आईला विचारलं नाही.

शनिवारी दिवेलागण झाल्यावर मैत्रिणीचा फोन आला. नाव घेतलं होतं, चांगलं मोठ्यानं.

"काय म्हनले?" आत्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आधी आत्यांचं नाव, मग माझ्या आईची मुलगी म्हणून. त्यांनी ते जसंच्या तसं हळूच म्हणून पाहिलं. माझ्या आईचं नाव त्यांच्या तोंडून शिवीशिवाय मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तिला सांगू नगंस," त्या म्हणाल्या.

"सांगणार," मी म्हणाले आणि तिथंच आईला स्पीकरवर फोन लावला. सगळं सांगितलं, त्यांच्या देखत, एक शब्द न गाळता. मला वाटलं, आता ती माझ्या बाजूनं भांडेल.

"तिला दे फोन," आई म्हणाली. "बोलते म्या तिच्यासंगं. माझीच लेक झाली की ती."

स्पीकर चालूच होता. आत्यांनी हात पुढं केला. सलाइनची सुई टोचलेला तो हात माझ्यासमोर तसाच राहिला.

मी फोन दिला नाही.