केरू मिस्त्री आणि तापलेलं तेल

केरू मिस्त्रीची आणि माझी ओळख थोबाडीतून झाली. भिंगारला त्याच्या शेडमध्ये एक ट्रॉली हायड्रॉलिक जॅकवर उचलून ठेवली होती आणि मी जत्रेला आल्यासारखा तिच्याखाली वाकून बघत होतो. मागून कुणीतरी सदऱ्याला धरून मला बाहेर ओढलं आणि अशी एक ठेवून दिली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझ्याबरोबर तात्या होते, म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या गावात त्यांच्यासमोर कुणी आवाज चढवून बोलत नसे. त्यांच्या पुतण्याला त्यांच्यादेखत मारणारा तो बुटका, रुंद खांद्यांचा, अर्धा कान नसलेला माणूस चिंधीला हात पुसत म्हणाला, "आधी वाजवायची, मंग सांगायचं. सांगत बसलो तर तवर मानूस चेंगरतंय." ट्रॉली काही पडली नाही. ती पडणारही नव्हती, असं मला अजून वाटतं.

हा माणूस फौजेच्या वर्कशॉपात होता आणि वरच्या माणसाच्या अंगावर जॅकचा दांडा फेकल्याबद्दल तिथून बाहेर पडला होता. कान भांडणात गेला होता. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "माझा कान काय बघता? त्याचं नाक बघून या." गिऱ्हाइकाने "अजून किती वेळ लागंल?" असं विचारलं की हातातला पान्हा त्या दिशेने सुटायचा. लोक म्हणून लांब उभे राहून विचारत. यंत्रावर मात्र त्याने कधी हात टाकलेला मी पाहिला नाही. अडकलेल्या बोल्टला लोक हातोडा घालतात, हा रॉकेल सोडून बिडी पेटवून बसायचा. "लोखंड उलटून शिवी देत न्हाई. त्याला कशापायी मारायचं?" असं त्याचं म्हणणं. माणसं उलटून शिवी देतात, म्हणून त्यांना मारायला त्याची हरकत नव्हती. असल्या माणसावर माझा जीव जडला. का, ते विचारू नका.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. आमचं गाव सुप्यापासून आत, माळावर. गावाला पाणी पुरवणारी एकच विहीर उरली होती, ती आमची, आणि तिनेही तळ दाखवला. तात्यांनी ती खोल करायचं ठरवलं. खाली काळा खडक, सुरुंगाशिवाय फुटणार नाही. फुटलेले दगड वर काढायचे कसे, हा प्रश्न होता. आमच्याकडे लिलावात घेतलेली एक जुनी फौजी जीप होती. चारा, खत, पाण्याची पिंपं, बाळंतिणी, सगळं तीच वाहायची. केरूने तिच्या मागे एक ड्रम बसवला, त्याला तारेचा दोर, दोराला मोठी लोखंडी बादली. इंजिन पंप फिरवायचं, पंप तेल ढकलायचा आणि त्या तेलाच्या जोरावर ड्रम फिरायचा. एक दांडा मागे ओढला की दगडांनी भरलेली बादली अलगद वर यायची. पहिल्या दिवशी तात्यांनी नारळ फोडला आणि केरूने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत जाहीर केलं, "ही गाडी चांगली हाय, पर हिचं तेल तापतं. तापलं की पातळ हुतं, आन् पातळ तेल कुनाचंबी वजन धरीत न्हाई."

त्याने नियम घालून दिला. तेलाच्या टाकीवर तळवा ठेवायचा. शिवी न देता ठेवता आला तर काम चालू, तोंडातून शिवी निघाली तर बंद. वैशाखात हा नियम फार जाचक होता. सूर्य डोक्यावर आला की टाकीला हात लावला तर कातडी चिकटायची. मग सावली पडेपर्यंत सगळे बसून राहायचे. खाली गेनू नावाचा खोदणारा घामाने निथळत बादलीची वाट बघायचा, वर बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्याकडे बघत बसायच्या. तात्या येरझारा घालायचे. मृग तोंडावर आला होता. पाऊस पडून मातीचं पाणी विहिरीत उतरलं की खोदकाम थांबणार, आणि खडक तसाच राहिला तर पुन्हा वर्षभर टँकरच्या तोंडाकडे बघायचं, हे त्यांना खात होतं.

शनिवारी केरू शिंगणापूरला जायचा. शनीला तेल घालून यायचा आणि आल्यावर हटकून म्हणायचा, "द्याव उन्हात उभा, वर छप्पर न्हाई, तरी त्येचं तेल तापत न्हाई. ह्येला म्हनायचं कूलर." अशाच एका शनिवारी तो नसताना तात्यांनी भर दुपारी गाडी चालू करायला लावली. दांड्यावर त्यांचा मुलगा सदा होता. मी विहिरीच्या काठावर बादली रिकामी करायला उभा होतो. भरलेली बादली अर्ध्यावर आली, थांबली आणि खाली सरकायला लागली. सदा दांडा ओढत होता, इंजिन ओरडत होतं आणि बादली निघालीच. गेनूने उडी मारली, पण पाय मागे राहिला. खालून जी किंकाळी आली ती बाया-माणसांनी कानावर हात ठेवूनही ऐकली. त्याला वर काढला तेव्हा घोट्याखाली पाय म्हणावा असं काही उरलं नव्हतं.

जीप विहिरीवर जखडलेली, म्हणून गेनूला बैलगाडीत घालून सुप्याला आणि तिथून नगरच्या दवाखान्यात पाठवलं. इथवर ठीक. पण तात्यांनी त्यानंतर घरचे गडी खाली उतरवले आणि तीच गाडी पुन्हा चालू केली. "पानी लागल्याबिगार थांबायचं न्हाई," म्हणाले. माझे चुलते वाईट नव्हते हो. तहानलेल्या गावाकडे बघून त्यांचं डोकं फिरलं होतं. पण डोकं फिरलं होतं हेही खरंच.

केरू आला तेव्हा त्याच्या कपाळावर अजून शिंगणापूरचा टिळा होता. वाटेत त्याला बैलगाडी भेटली होती. तडक येऊन त्याने टाकीवर तळवा ठेवला आणि अशी शिवी दिली की बायांनी पदर तोंडाला लावला. मग खालच्या गड्यांना हाताने दोर ओढून एकेक करून वर घेतलं. शेवटचा गडी काठावर आला आणि केरूने वळून तात्यांच्या कानशिलात भडकावली. पटका उडाला. दुसरी, तिसरी, मग मी मोजलं नाही. धोतराला आणि दंडाला धरून त्याने तात्यांना बादलीत कोंबलं, बरोबर चार धोंडे टाकले आणि बादली विहिरीत सोडली. अर्ध्यावर दांडा थांबवला.

"आता बघ," तो काठावरून ओरडला. "कुनी दांड्याला हात लावंल त्येचा हात मोडीन. बघ तात्या, तेल तुला धरतंय का!"

बादली थांबली नाही. वीतभर सरकली, थबकली, पुन्हा सरकली. तात्या दोराला मिठी मारून ओरडत होते, "वर घे! केरू, पाया पडतो, वर घे!" गावातल्या एकाही माणसाने तोवर त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते. बादली तशीच सरकत सरकत तळाला टेकली. तात्यांना खरचटलंसुद्धा नाही. केरूने तेल निवू दिलं आणि मग त्यांना वर काढलं.

ते वर येताच सदा आणि त्याचे सोबती कुदळीचे दांडके घेऊन केरूवर तुटून पडले. मी मध्ये पडलो, माझ्या कोपरावर एक बसला आणि हात बधिर झाला. केरूने सदाचा अंगठा चावला, एकाचे दात पाडले, पण ते पुष्कळ होते. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तात्या काठावर बसून होते. मारा म्हणाले नाहीत, थांबा म्हणाले नाहीत. रक्ताने माखलेला केरू सुप्याच्या रस्त्याने चालत निघून गेला.

आता हा कसला येतोय, असं सगळे धरून चालले होते. पण काही दिवसांनी तो आला. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या खांद्यावर मोडीतल्या फौजी ट्रकचा एक छोटा रेडिएटर. ओसरीवर तात्या बसले होते.

"पानी काढायचंय का न्हाई?" केरूने विचारलं.

"काढायचंय," तात्या म्हणाले.

"मंग ह्यो बशिवतो. गाडीचं काम अर्धं टाकून जात नसतो मी. तुझं-माझं नंतर बगू."

ड्रम फिरवून परत येणारं गरम तेल टाकीत जाण्याआधी त्या रेडिएटरच्या नळ्यांतून फिरवायचं आणि निववायचं, अशी युक्ती होती. त्याने तो ड्रमशेजारी, मागे बसवला. मी त्याचा दुसरा हात झालो होतो. गाडी चालू केली आणि दुपारी टाकीवर हात ठेवला, तर शिवी आलीच. केरू कपाळ बडवत राहिला. जन्मभर धावत्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस, ही गाडी जागची हलत नाही आणि तिला वारा लागत नाही हे विसरला होता. मग म्हणाला, "गोनपाट भिजवून टाकू. दोन घागरी पानी आना."

हे ऐकून गेनूची बायको सरू पुढे आली. नवरा दवाखान्यात, पोरं शेजाऱ्यांकडे टाकून ती विहिरीशेजारी टँकरच्या रांगेत उभी होती. तिने केरूच्या केसांना धरून त्याला खाली पाडलं. मोडलेल्या हाडावर पडला तो. "माज्या नवऱ्याचा पाय खाल्ला हिनं, आन् हिलाच पानी पाजता व्हय रं?" ती रिकाम्या घागरीने त्याला मारत सुटली. केरूने हात उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. मार थांबल्यावर तो उठला, कूलर मागून सोडवला आणि गाडीच्या तोंडाशी, इंजिनाच्या पंख्यासमोर नेऊन बांधला. तिथे वारा होता. तिथून मागे टाकीपर्यंत लांबलचक रबरी नळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने सरूला बोलावलं आणि तिचा तळवा टाकीवर ठेवायला लावला. तिने तो तिथेच राहू दिला.

पण खाली उतरायला कुणी तयार होईना. आमच्याकडची रीत अशी, की विहिरीने माणूस घायाळ केला की पुढचा पहिला सुरुंग मालकाच्या घरच्याने लावायचा. सदा मागे सरला. तात्यांनी धोतराचा काचा मारला आणि बादलीत पाय टाकला. साठीचा माणूस. दांड्यावर मी होतो, इंजिनाशी केरू. मला त्या क्षणी दोघांचीही भीती वाटत होती.

भोकं गेनूने आधीच पाडून ठेवली होती. तात्यांनी त्यांत सुरुंगाची दारू भरली, वात पेटवली, बादलीत बसले आणि दोर हलवला. मी दांडा ओढला. बादली अर्ध्यावर आली आणि कूलरकडून येणारी नळी सांध्यातून सुटली. इंजिनाच्या हादऱ्याने पट्टा ढिला झाला असावा. काळं, वाफाळतं तेल उसळून जमिनीवर सांडायला लागलं. टाकी रिकामी झाली असती तर बादली पुन्हा तळाला, जिथे वात जळत होती.

केरूने गळ्यातली झोळी फाडली. नळीची दोन्ही टोकं दोन्ही हातांनी धरून एकमेकांत दाबली आणि त्यावर छातीने पडला. बोटांच्या फटींतून तेल त्याच्या हातांवर, छातीवर, मानेवर येत होतं. कातडं जळाल्याचा वास मला जागेवर आला. तो शिव्या देत होता, मला, तात्यांना, शनीला, आणि मध्येमध्ये ओरडत होता, "वड! थांबलास तर जीव घीन! वड!" मी रडत दांडा ओढून धरला. तात्या काठाला आले, गड्यांनी त्यांना खेचलं, सगळे आडवे झालो आणि सुरुंग फुटला. दगड आमच्या डोक्यांवरून गेले. केरूची बोटं नळीवरून आम्हाला सोडवावी लागली.

त्या सुरुंगाने पाणी लागलं. तात्या नगरच्या दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून राहिले. त्याचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते, त्यामुळे तात्याच भाकरी कुस्करून भरवायचे. आपल्या विहिरीचं पाणी त्यांनी तांब्यातून नेलं. केरूने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मचूळ हाय."

"मचूळ तर मचूळ. गुमान पी," तात्या म्हणाले. दोघेही हसले. मला वाटलं, चला, वाचला. पण जखमा चिघळल्या, मग धनुर्वात झाला. शेवटी त्याचं अंग कमानीसारखं वाकायचं आणि दातखीळ बसायची. शिवी देता येत नाही याचा त्याला किती त्रास झाला असेल, हे मला आजही सहन होत नाही.

दहाव्याला नदीकाठी त्याचा एक दूरचा भाचा तेवढा आला होता. न्हावी भाच्याचं डोकं भादरून उठला, तर तात्या पटका काढून न्हाव्यासमोर जाऊन बसले. न्हावी चाचरला. आईबापासाठी करायची गोष्ट ही. डोकं झालं, मग ज्या मिशांना गाव घाबरायचं त्याही उतरल्या. काठावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमचा कोन लागत हुता?"

तात्यांनी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "बापाच्या मागं माज्यावर हात उचलनारा त्यो येकलाच हुता."